दहा हजारांचा डार्सी, चाळीस पौंडांची एलिझाबेथ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत माणसाची धड ओळख होण्याआधी त्याचं वार्षिक उत्पन्न कळतं. डार्सीला तोंडावर नकार देणारी नायिका एलिझाबेथ बेनेट त्याची पेम्बर्लीची इस्टेट पाहून आल्यावर विरघळते. मग हिला प्रेमकथा का म्हणायचं? आणि ते दहा हजार पौंड आजच्या रुपयांत किती?

रुपयांचं आधी मिटवू. दोनशे वर्षांची महागाई लावून कुणी कोटींतला आकडा काढून दिला, तरी कादंबरी वाचायला त्याचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा नोकर स्वस्त होते, कापड महाग होतं आणि घोडा पाळणं म्हणजे चैन होती. वस्तूंचे आपसातले भावच वेगळे. त्यापेक्षा कादंबऱ्यांच्या आतलीच पट्टी वापरावी. इंग्रजी साहित्य शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर तीच काढत आले आहे.

सगळ्यात खाली गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधल्या जेनला थॉर्नफिल्डच्या हवेलीत राहून-जेवून वर्षाला ३० पौंड मिळतात आणि ही बढती असते, कारण लोवूडच्या शाळेत १५ मिळायचे. ही कादंबरी १८४७ची, म्हणजे ऑस्टिननंतर तीसेक वर्षांनी आलेली. पण पायरीचा अंदाज येतो. तिच्या पुष्कळ वर ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तल्या डॅशवुड मायलेकी: चौघींत मिळून वर्षाला ५००. त्यात डेव्हनमधलं छोटं भाड्याचं घर, दोन मोलकरणी आणि एक गडी निभतो. गाडी नाही, घोडा नाही. मधल्या मेरिअनचा प्रियकर विलोबी तिला घोडी भेट द्यायला निघतो तेव्हा थोरली एलिनॉर तिला समजावते की घोडीमागोमाग तबेला येईल, एक नोकर येईल आणि त्या नोकराला दुसरा घोडा लागेल. मग एलिझाबेथचं बेनेट कुटुंब, २,०००. यांच्याकडे गाडी आहे, पण तिचे घोडे शेतावरही राबतात. तेच निमित्त करून आई थोरल्या मुलीला, जेन बेनेटला, भरल्या आभाळाखाली घोड्यावरून डार्सीच्या मित्राकडे, बिंगलीकडे पाठवते. बिंगली चार-पाच हजारांचा. आणि डार्सी दहा हजारांचा. बेनेटांचं घर खाऊनपिऊन सुखी आहे, डार्सी त्यांच्या पाचपट आहे, एवढं कळलं की पुरे.

आता जिथे हुशार विद्यार्थीही हमखास अडखळतात ती गोष्ट. डार्सीचे दहा हजार आणि त्याची बहीण जॉर्जियाना हिचे तीस हजार. मग बहीण भावापेक्षा श्रीमंत का? नाही. डार्सीचे दहा हजार दर वर्षी येतात, जमिनीच्या खंडातून. जॉर्जियानाचे तीस हजार ही एकदाच मिळालेली ठेव आहे. तिच्या व्याजावर जगायचं. इस्टेटवाल्या पुरुषाचं वजन वार्षिक उत्पन्नात सांगतात, मुलीचं मुद्दलात. मुलीच्या आकड्यावर चार-पाच टक्के व्याज धरलं की तुलना जमते. जॉर्जियानाचे वर्षाला १,५०० पर्यंत जातात. आणि एलिझाबेथचे? आईच्या पश्चात १,००० पौंड, चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत. हे आपल्याला बेनेटांचा नातलग मिस्टर कॉलिन्स ऐन लग्नाची मागणी घालताना सांगतो, त्याचा स्वभावच तसा. हिशेब करा: वर्षाला ४० पौंड. गव्हर्नेसच्या पगारापेक्षा दहाने जास्त, आणि तेही आई गेल्यावर.

ही चाळीस पौंडांची मुलगी त्याच प्रसंगात कॉलिन्सला नाही म्हणते. बापाच्या मागे लाँगबोर्नची सगळी मालमत्ता त्या कॉलिन्सकडे जाणार आहे. म्हणजे तिच्या नकाराने आई आणि चारही बहिणींच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लागतं. पुढे ती दहा हजारांच्या डार्सीलाही नाही म्हणते. पैशाला भुललेली मुलगी असं दोनदा करत नाही.

मिसेस बेनेटला हसणं सोपं आहे आणि लेखिकेनेही तिला हसण्यासाठीच रंगवलंय. पण त्या घरात गणित तिचंच बरोबर आहे. नवरा उद्या गेला तर तिच्या आणि मुलींच्या वाट्याला लग्नाच्या वेळी बांधून ठेवलेले ५,००० पौंड उरतात. चार टक्क्यांनी वर्षाला २००. दोन हजारांवरून एकदम दोनशेवर, आणि राहतं घरही जाणार. बापाने शिल्लक का टाकली नाही? याचं उत्तर कादंबरीत बरंच उशिरा, धाकटी लिडिया विकम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्यावर मिळतं, आणि मराठी वाचकाला ते ओळखीचं वाटेल: मुलगा होईल म्हणून वाट पाहिली. इस्टेट पुरुष वारसाकडेच जावी असं बंधन होतं. मुलगा झाला असता तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून ते बंधन मोडायचं आणि बाकीच्यांची सोय लावायची, असा बेत होता. एकापाठोपाठ एक पाच मुली झाल्या. लिडियानंतरही बरीच वर्षं बाईंना मुलाची खात्रीच होती, आणि आशा सुटली तेव्हा काटकसरीची वेळ निघून गेली होती. बेनेटसाहेबांच्या मिश्किल बोलण्यावर आपण लुब्ध होतो. मला ते गृहस्थ जसजसं वय वाढतंय तसतसे कमी आवडतात.

कायद्याची बाजू माहीत नसेल तर पळून जाण्याच्या प्रसंगांत एवढा हलकल्लोळ का, हे नीट लागत नाही. इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार लग्न झालं की बायकोचे रोख पैसे, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं. आपल्या धर्मशास्त्रात निदान स्त्रीधन ही तिची वेगळी मालकी मानलेली होती. तिथे तेवढंही नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ साली झाले तेव्हा कुठे चित्र बदललं. म्हणून पैसेवाल्या घरांतून लग्नाआधी वकिलांकडून करार होत: मुलीची ठेव विश्वस्तांच्या ताब्यात, नवऱ्याच्या माघारी तिला अमुक रक्कम, पुढे मुलांना तमुक. त्यामुळे या रकमांना आपला हुंडा समजू नये. हुंडा देऊन टाकला की गेला. इथे दोन्ही बाजूंना बांधून घेतलं जातं. पळून जाऊन केलेल्या लग्नात हा करारच नसतो. पंधरा वर्षांच्या जॉर्जियानाला हाच विकम आधी पळवून नेऊ पाहतो ते त्या तीस हजारांवर डोळा ठेवून.

लिडियाच्या वेळी तर उघड सौदाच होतो. विकमची हजारावर गेलेली कर्जं फेडायची, लिडियाच्या नावावर आणखी एक हजार ठेवायचे, त्याला सैन्यात जागा विकत घेऊन द्यायची. हे सगळं डार्सी गुपचूप भरतो. बापाकडे फक्त वर्षाला शंभर पौंड मागितलेले असतात, आणि बेनेटसाहेब मनाशी हिशेब करतात की लिडियाचं खाणंपिणं, हातखर्च आणि आईकडून मिळणारे पैसे धरले तर आपलं नुकसान जेमतेम दहा पौंडांचं. मुलीच्या आयुष्याची वाट लागत असताना हा आकडा येतो. ऑस्टिन यावर टीकाटिप्पणी करत नाही. आकडा मांडते आणि पुढे जाते.

तिची ही रीत पूर्ण बहरात पाहायची असेल तर 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण वाचा. मृत्युशय्येवरच्या बापाला जॉन डॅशवुडने सावत्र आई आणि तीन सावत्र बहिणींना सांभाळण्याचा शब्द दिलेला आहे. स्वतःच्या मिळकतीत वर्षाला चार हजारांची भर पडतेय, तेव्हा बहिणींना एकेक हजार द्यावे असं त्याच्या मनात येतं. मनात खरोखरच येतं, हे महत्त्वाचं. मग बायको, फॅनी, बोलायला लागते. तीन हजारांचे दीड हजार होतात. त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर द्यावे? छे, ज्याला वर्षासन बांधून द्यावं तो माणूस मरतच नाही, आणि सासूबाई तर धडधाकट, अजून चाळिशीच्या आतबाहेर. मग अधूनमधून पन्नास पौंडांची भेट? मग तीही नको. सामान हलवायला मदत करू, हंगामात मासळी आणि शिकार पाठवू. प्रकरण संपता संपता फॅनीला त्यांनी नेलेले नाश्त्याचे चिनीमातीचे कपही खुपतात, कारण ते घरातल्यांपेक्षा दुप्पट देखणे आहेत. शब्द मोडलाय असं दोघांपैकी कुणालाच वाटत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या झालेल्या घरांतले विद्यार्थी हे प्रकरण ऐकताना आधी हसतात, मग गप्प होतात. मराठीत समजावून सांगायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.

त्याच पुस्तकात मेरिअन, जी पैशाचं नाव काढलं तरी नाक मुरडते, सुखी संसाराला पुरेल असं 'मध्यम' उत्पन्न सांगते: अठराशे ते दोन हजार. एलिनॉर हसते, तिच्या लेखी हजार म्हणजे श्रीमंती. मेरिअन हिशेब सोडवून दाखवते त्यात शिकारीचे घोडेही असतात. स्वतः तर शिकार करत नाही. विलोबीचा संसार तिने मनात मांडलेला आहे. हा विलोबी पुढे पन्नास हजारांच्या मिस ग्रेशी लग्न करतो. मेरिअनला शेवटी कर्नल ब्रँडन मिळतो आणि त्याचं उत्पन्न बरोबर दोन हजार आहे. एलिनॉर आणि तिचा प्रियकर एडवर्ड यांचे मिळून तीन हजार मुद्दल, पाच टक्क्यांनी १५०, वर धर्मगुरूच्या जागेचे २००. एकूण साडेतीनशे. दोघांचं प्रेम निर्विवाद आहे, तरी ऑस्टिन म्हणते की साडेतीनशेत संसार सुखाचा होईल असं वाटण्याइतके ते प्रेमात बुडालेले नव्हते. एडवर्डच्या आईने हात सैल केल्यावरच गाडी पुढे सरकते. हे वाक्य वाचून ऑस्टिनला कोरडी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते तिचं सगळ्यात प्रेमळ वाक्य वाटतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा गाभा. पैसा की प्रेम, असा सामना या कादंबऱ्यांत लावलेलाच नाही. माझं मत असं की प्रत्येक आकडा एकच गोष्ट सांगत असतो: या माणसाला 'नाही' म्हणणं कितपत परवडतं. 'एमा' कादंबरीची तीस हजारांची नायिका एमा आपण लग्नच करणार नाही असं खुशाल जाहीर करते आणि कारणही देते: अविवाहित राहण्यात हसं होतं ते गरिबीमुळे. त्याच गावातली मिस बेट्स वयाने वाढलेली, मिळकतीने आक्रसलेली. तिच्याकडे पाहिलं की एमाच्या बोलण्यातली धार कळते. तिथल्याच जेन फेअरफॅक्सला लग्न जमलं नाही तर गव्हर्नेसगिरी पुढ्यात वाढून ठेवलेली. तिघींचे स्वभाव बाजूला ठेवा, नुसते आकडे पाहा. कोण किती मोकळेपणाने बोलू शकेल ते तिथेच ठरलंय.

आणि एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्यूकस. सत्तावीस वर्षांची, रूपाने बेताची, पैसा नाही. आपल्याकडे हिला सरळ घोडनवरी म्हटलं असतं. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती तीन दिवसांत पदरात पाडून घेते. मी रोमँटिक कधीच नव्हते, मला फक्त बऱ्यापैकी घर हवं, असं मैत्रिणीला सांगते. बातमी कळताच तिच्या आईच्या मनात पहिला हिशेब येतो तो मिस्टर बेनेट आणखी किती वर्षं जगतील याचा. तिचे धाकटे भाऊ सुटकेचा निःश्वास टाकतात, म्हातारपणी ही आपल्या गळ्यात पडणार नाही म्हणून. एलिझाबेथला हे लग्न लाजिरवाणं वाटतं आणि तरुण वाचक तिच्याच बाजूने असतात. पण पुढे एलिझाबेथ त्यांच्या घरी, हन्सफर्डला राहायला जाते तेव्हाचा बारकावा पाहा: शार्लटने स्वतःला बसायला मागची, गैरसोयीची खोली निवडलेली असते. चांगल्या खोलीत बसली असती तर नवरा सारखा येऊन बसला असता. बागकामाने तब्येत चांगली राहते, असंही ती त्याला आवर्जून सांगत असते. हे सुख नाही, पण स्वतः आखलेली, निभावून नेलेली तडजोड आहे. लेखिका तिची कीव करत नाही.

एलिझाबेथची स्वतःची मापंही सारखी नाहीत, आणि ही गोष्ट लेखिका लपवत नाही. विकम दहा हजारांच्या मिस किंगच्या मागे लागतो तेव्हा ती त्याला माफ करून टाकते. शार्लटला मात्र करत नाही. मामी टोकते तेव्हा ती उलट विचारते: लग्नाच्या बाबतीत धोरणीपणा कुठे संपतो आणि लोभ कुठे सुरू होतो? नाताळात मी याच्याशी लग्न करणं तुम्हाला अविचाराचं वाटत होतं, आता त्याने पैसेवाली पाहिली तर तो लोभी? या प्रश्नाला पूर्ण पुस्तकात कुणी उत्तर देत नाही. देता येण्यासारखं नाहीच.

पेम्बर्लीचं काय? तुमच्या आधी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं: 'एमा'वर लिहिताना त्याने टोमणा मारलाय की प्रियकराची देखणी हवेली पाहीपर्यंत या मुलीला आपला मूर्खपणा कळला नाही. एलिझाबेथ स्वतःच जेनला थट्टेत म्हणते की पेम्बर्लीचं आवार पाहिलं तेव्हापासून प्रेम बसलं. आणि जेन लगेच, आता खरं सांग, म्हणते. पण पेम्बर्लीच्या प्रकरणात ती नेमकं काय पाहते? सजावटीत भपका नाही, बागेत निसर्गाशी झटापट नाही. आणि मग घर सांभाळणारी मिसेस रेनॉल्ड्स सांगते की मालकाने मला कधी वेडावाकडा शब्द बोललेला नाही, कुळं आणि नोकर त्याला चांगलंच म्हणतील. दहा हजार येतात त्या जमिनीवर माणसं राहतात. त्यांना हा माणूस कसा वागवतो, हे तिला तिथे कळतं, तेही त्याच्या पाठीमागे. मन वळायला याहून चांगला पुरावा काय हवा? अर्थात या सगळ्याची मालकीण मी होऊ शकले असते, हा विचार तिच्या मनात येतोच. न आला असता तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

पुरुष यातून सुटलेत असंही नाही. थोरला मुलगा इस्टेट घेऊन जातो, धाकट्यांनी काय करायचं? डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम हा अर्लचा, म्हणजे मोठ्या सरदाराचा धाकटा मुलगा. तो एलिझाबेथला गोड शब्दांत सुचवतो की खर्चिक सवयींमुळे आमच्यासारख्यांना मनासारखं लग्न परवडत नाही. ती विचारते, अर्लच्या धाकट्या मुलाचा चालू भाव काय? थोरला भाऊ फारच आजारी नसेल तर पन्नास हजारांच्या वर मागत नसाल ना? हसत हसत स्थळ मोडतं. ऑस्टिनच्याच 'पर्स्वेजन'मधला आरमारी अधिकारी वेंटवर्थ वेगळ्या वाटेने येतो. नायिका ॲन एकोणीस वर्षांची असताना तो कफल्लक म्हणून लग्न मोडायला लावलं जातं. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात शत्रूची जहाजं पकडून, बक्षिसाचे २५,००० पौंड गाठीला बांधून तो आठ वर्षांनी परततो. ऑस्टिनचे दोन भाऊ आरमारात होते, हे गणित तिला घरबसल्या ठाऊक होतं.

स्वतः जेन ऑस्टिनने १८०२च्या डिसेंबरात मॅनिडाउनच्या हॅरिस बिग-विदरला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतला. चांगल्या इस्टेटीचा वारस होता तो. पुढे बाप गेल्यावर ती, आई आणि बहीण भावांच्या मदतीवर जगल्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले. तिला दीडशे हवे होते. भाचीला लिहिलेल्या पत्रांत ती एकदा बजावते की प्रेम नसताना लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं, आणि दुसऱ्यांदा म्हणते की एकट्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते आणि लग्नाच्या बाजूने हा फार जोरदार मुद्दा आहे. दोन्ही वाक्यं एकाच बाईची आहेत आणि दोन्ही तिने अनुभवातून लिहिलीत.

हा सगळा पैसा कुठून येत होता, हा वेगळा आणि मोठा विषय. इथे नुसता उल्लेख करते. 'मॅन्सफिल्ड पार्क'च्या बर्ट्रमची मालमत्ता अँटिग्वात आहे, म्हणजे गुलामांच्या श्रमांवर. 'जेन एअर'मधल्या थॉर्नफिल्डच्या मालकाची, रॉचेस्टरची, पहिली बायको जमैकाहून तीस हजार घेऊन येते. कर्नल ब्रँडन आपल्याकडे नोकरी करून गेलेला. त्याच्या गप्पांत नवाब, मोहरा आणि पालख्या असतील, अशी विलोबी त्याची टर उडवतो. 'व्हॅनिटी फेअर'मधला जोस सेडली तर कंपनी सरकारचा कलेक्टरच, आणि लेखक थॅकरे १८११ साली कलकत्त्यात जन्मलेला.

पुढे काय वाचावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: 'जेन एअर' आणि मग 'मिडलमार्च'. जेनला काकाचे वीस हजार मिळतात, ती चौघांत वाटून पाच हजार स्वतःकडे ठेवते आणि मग रॉचेस्टरकडे परतते. आल्या आल्या सांगते की मी आता माझी स्वतःची मालकीण आहे. तीस पौंड पगारावर असताना ती त्याच्या घरातून पळाली होती. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा.

'मिडलमार्च' १८७१-७२ साली आली आणि तिचं वेगळेपण म्हणजे लग्न शेवटी न ठेवता सुरुवातीलाच लावून टाकते. डॉक्टर लिडगेट आणि रोझमंड प्रेमातच पडून लग्न करतात. मग फर्निचरचं बिल येतं, चांदीची भांडी परत करायची वेळ येते, आणि प्रेमाचं काय होतं ते जॉर्ज एलियट महिन्यामहिन्याने दाखवते. दुसरीकडे नायिका डोरोथियाच्या मेलेल्या नवऱ्याने मृत्युपत्रात कलम घालून ठेवलंय: माझ्या तरुण नातलगाशी, लाडिस्लॉशी लग्न केलंस तर इस्टेट गेली. ती इस्टेट सोडते. वाचक त्यागाने भारावतात आणि तिचे आईबापांकडचे वर्षाला ७०० पौंड शाबूत आहेत हे विसरतात. ती विसरत नाही. आपण माझ्या पैशांत मजेत राहू, सातशे म्हणजे जास्तच, मला नवे कपडे नकोत आणि कोणती वस्तू कितीला मिळते ते मी शिकून घेईन, असं ती रडत रडत त्याला सांगते. पहिली शंभर पानं जड जातील. लिडगेट गावात आला की पकड येते. तोवर धीर सोडू नका, आणि आकडा दिसला की समासात पेन्सिलने खूण करून ठेवा.